ऑनलाइन खातं सुरक्षित ठेवायचं तर मांडणी कशी असावी? (इंदूर आणि आसपास)

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. "ओटीपी कुणाला सांगू नका" हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे, तरी खाती रिकामी होतातच. ओटीपी सांगणारा माणूस त्या क्षणी घाबरलेला तरी असतो नाहीतर घाईत, आणि पाठ केलेलं नेमकं तेव्हाच आठवत नाही. म्हणून या धाग्याची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करतो. फोन, सिम आणि पिन हे तिन्ही उद्या चोराच्या हाती लागले असं धरून चला, आणि तरीही जास्तीत जास्त किती रक्कम जाऊ शकेल हे आजच ठरवून टाका. तो आकडा तुमच्या हातात आहे.

खाती दोन हवीत. एक खर्चाचं: यूपीआय, डेबिट कार्ड, बँकेचं ॲप सगळं यालाच जोडायचं आणि शिल्लक महिन्याच्या खर्चाइतकीच ठेवायची. दुसरं साठ्याचं: शक्य असेल तर वेगळ्या बँकेत, त्याला यूपीआय नाही, फोनवर ॲप नाही, कार्ड घेतलंच तर ऑनलाइन आणि परदेशी वापर बंद. साठ्यातून खर्चाच्या खात्यात दरमहा ठराविक रक्कम आपोआप जाईल अशी स्थायी सूचना शाखेत देता येते.

इथे एक खाच आहे. यूपीआय ॲपमध्ये बँकेचं नाव निवडलं की त्या मोबाइल नंबरला जोडलेलं खातं समोर येतं. म्हणजे दोन्ही खात्यांना एकच नंबर असेल तर सिम हाती लागलेला चोर दुसऱ्या खात्यावरही यूपीआय चालू करायला बघणार. साठ्याच्या खात्याला वेगळा नंबर द्या, आणि ते सिम घरी राहणाऱ्या साध्या बटणाच्या फोनमध्ये ठेवा.

आता मुदत ठेवी. "एफडीत आहेत म्हणजे सुरक्षित आहेत" हा समज सोडून द्या. बहुतेक बँकांत ऑनलाइन ठेव काही मिनिटांत मोडता येते, किंवा न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेवीच्या तारणावरची उचल) काढता येतो. फसवणूक करणारा आधी ठेव मोडतो, पैसे बचत खात्यात आणतो आणि मग पुढे पाठवतो. तेव्हा शाखेत जाऊन दोन प्रश्न विचारा: माझी ठेव ऑनलाइन मोडता येते का, आणि ती सोय बंद करता येते का? काही बँका करून देतात. दुसरा मार्ग असा की ठेव दोघांच्या नावे ठेवायची आणि व्यवहार "दोघांच्या सहीने" असा लिहायचा. अशा खात्यांना नेट बँकिंगवर सहसा फक्त पाहण्याचा अधिकार मिळतो. मात्र "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" ही पद्धत अडीअडचणीला सोपी असते हेही खरं. एकाची तब्येत फार नाजूक असेल तर सगळ्या ठेवी दोघांच्या सहीच्या करू नका, निम्म्या करा.

पूर्वमंजूर कर्जाची जाहिरात ॲपमध्ये दिसत असेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन ती सोय काढून टाका. खात्यात काहीच नसलं तरी चोर तुमच्या नावाने कर्ज उचलतो आणि हप्ते तुमच्या गळ्यात पडतात. हे फार कमी लोकांच्या ध्यानात येतं.

राहिल्या मर्यादा. यूपीआयने दुसऱ्या व्यक्तीला दिवसाला साधारण १ लाख रुपये पाठवता येतात. बँकेच्या ॲपमध्ये सोय असेल तर ही मर्यादा खाली आणा. नेट बँकिंगची दुसऱ्यांच्या खात्यात पाठवण्याची मर्यादाही कमी करा. कार्डाचे ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून देण्याचे तीन खटके वेगवेगळे असतात. रिझर्व्ह बँकेने २०२० साली ही सोय सक्तीची केली. टॅपने पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंत व्यवहार होतो, म्हणून वापर नसेल तर तो खटका बंदच बरा.

वीणा_तिलकनगर

फार उपयोगाचं लिहिलंत. एक शंका. पेन्शन ज्या खात्यात येते ते बदलणं ज्येष्ठांना जड जातं. मग साठ्याचं खातं कोणतं धरायचं?

हिशेबनीस

वीणाताई, पेन्शनचं खातं हलवू नका, त्यालाच साठ्याचं करा. त्यावरचं नेट बँकिंग बंद करा किंवा फक्त पाहण्यापुरतं ठेवा. स्टेट बँकेत नेट बँकिंग घेतानाच पाहण्याचा अधिकार आणि व्यवहाराचा अधिकार असे दोन पर्याय असतात. खर्चासाठी शेजारच्या बँकेत दुसरं बचत खातं उघडायचं आणि पेन्शन जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी स्थायी सूचनेने रक्कम तिकडे जाऊ द्यायची. पेन्शनच्याच तारखेची सूचना देऊ नका. जमा उशिरा झाली की सूचना परत जाते आणि काही बँका त्याचा दंड लावतात.

जेलरोडवाला

हिशेबनीस काकांनी खात्याचं सांगितलं, मी फोनचं सांगतो. राजवाड्याच्या किंवा सराफ्याच्या गर्दीत फोन गेला तर चोर तुमचा लॉक उघडायच्या भानगडीत पडत नाही. सिम काढतो आणि दुसऱ्या फोनमध्ये घालतो. तिथून पुढे तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे.

यूपीआयचा पिन नव्याने बनवायला काय लागतं ते बघा. डेबिट कार्डाचे शेवटचे ६ अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी. किंवा आधारचे पहिले ६ अंक आणि ओटीपी. आता फोनच्या कव्हरमागे डेबिट कार्ड ठेवणारे किती आहेत बघा! सिम आणि कार्ड आपण एकत्रच त्याच्या हातात देतो. फोनच्या मागे कार्ड ठेवू नका, कार्डाचा किंवा आधारचा फोटो गॅलरीत ठेवू नका, आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेला असेल तर तोही पुसा.

यावर खरा इलाज म्हणजे सिमचा पिन. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग सुरक्षा, मग सिम लॉक. आयफोनमध्ये सेटिंग, मोबाइल सेवा, सिम पिन. हा लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ४ आकडी पिनशिवाय नेटवर्क येत नाही. त्यासोबत लॉक स्क्रीनवरच्या सूचनांमधला मजकूर झाका, नाहीतर फोन न उघडताही ओटीपी वाचता येतो.

सुदामानगरकर

सिमचा पिन लावायला गेलो की आधी जुना पिन विचारतो. तो कुठून आणायचा?

जेलरोडवाला

दादा, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा कोड) मागतं. पीयूके दहादा चुकलं तर सिम कायमचं बाद. कंपनीच्या दुकानात किंवा ॲपवर मूळ पिन विचारा, तो टाकून चालू करा आणि मग लगेच स्वतःचा लावा. पीयूकेही तेव्हाच विचारून घ्या आणि घरातल्या वहीत लिहा, फोनमध्ये नको. फोन बंद करून चालू केला की दर वेळी हा पिन टाकावा लागतो, म्हणून ज्येष्ठांच्या फोनला लावताना त्यांना आधी दोनदा करून दाखवा.

माळव्याचा_वाटसरू

वेगळं सिम, वेगळा फोन, सिमचा पिन हे सगळं चार पगारी माणसांच्या घरात जमतं. एकट्या राहणाऱ्या आजोबांना दुसरा फोन सांभाळता येत नाही. तो कपाटात पडून राहतो, रिचार्ज संपतो, नंबर बंद पडतो. आणि बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, म्हणजे बँकेचे संदेश परक्याच्या हाती. हा धोका चोराच्या धोक्यापेक्षा कमी नाही.

हिशेबनीस

वाटसरू, हा मुद्दा मी मान्य करतो. रिचार्जची आठवण ठेवणारं कोणी नसेल तर दुसरा नंबर घेऊच नये. तिथे साठ्याचं खातं मुलाच्या किंवा मुलीच्या नंबरला जोडावं असं पुष्कळजण सुचवतात, पण मी ते सुचवणार नाही. खातेदाराचा संदेश खातेदारालाच गेला पाहिजे, एरवी तक्रारीच्या वेळी "आम्ही एसएमएस पाठवला होता" असं बँक म्हणते आणि तो पाहिलेला असतो दुसऱ्याने. एकट्या ज्येष्ठांसाठी साधा उपाय: साठ्याचं खातं पूर्णपणे पासबुक आणि चेकवर ठेवा. कार्ड नाही, नेट नाही, यूपीआय नाही.

नंबर बदलणार असाल तर क्रम चुकवू नका. आधी बँक, आधार, पॅन आणि ईमेल या चारही ठिकाणी नवा नंबर नोंदवा, प्रत्येकाचा संदेश नव्या नंबरवर येतो का ते पाहा, त्यानंतरच जुनं सिम सोडा.

जेलरोडवाला

ॲपवाल्या सापळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण दुरुस्तीला येणाऱ्या फोनांत हा प्रकार फार दिसतो.

व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच नंबरवरून लग्नपत्रिका येते, किंवा "आरटीओ चलान", किंवा बँकेचं "केवायसी अपडेट". फाइलच्या नावाच्या शेवटी "एपीके" ही तीन अक्षरं असतात. पत्रिका असेल तर ती पीडीएफ किंवा फोटो असते. एपीके म्हणजे ॲप. ते बसवलं की दोन परवानग्या मागतं: एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची. पहिलीने ओटीपी जातात. दुसरी जास्त घातक, कारण तिने ते ॲप तुमच्या स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. शिवाय तीच फाइल तुमच्या सगळ्या संपर्कांना आपोआप जाते, म्हणून ती "ओळखीच्या" नंबरवरून आलेली दिसते. पाठवणाऱ्या नातेवाइकाला त्याचा पत्ताही नसतो.

आधीच करायचं काम: सेटिंगमध्ये "अनोळखी ॲप बसवणं" असं शोधा. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर यांच्यापुढची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा. एखादं ॲप बसवताना प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगत असेल तर तिथेच थांबा.

बसलंच असेल तर या क्रमाने: लगेच फ्लाइट मोड लावा आणि वायफायही बंद आहे ना ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड थांबवा. मग फोन सेफ मोडमध्ये (यात आपण बसवलेली ॲप चालत नाहीत) चालू करा. ॲक्सेसिबिलिटीमधून त्या ॲपची परवानगी काढा, "डिव्हाइस ॲडमिन" यादीतून त्याची खूण काढा, त्यानंतर ॲप काढून टाका. ॲडमिनची खूण न काढता काढायला गेलात तर "अनइन्स्टॉल"चं बटण फिकट दिसतं आणि लोकांना वाटतं फोनच बिघडला. काही ॲप तर चिन्ह लपवतात, म्हणून सेटिंगमधली ॲपची पूर्ण यादी पाहा. खात्री वाटत नसेल तर फक्त फोटो आणि संपर्क वाचवून फोन रिसेट करा. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. त्याच फोनवर बदललात तर नवा पासवर्डही त्यांना दिसतो.

स्क्रीन दाखवणारी ॲपही याच जातीची. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर ही स्वतः वाईट नाहीत, पण बँकेच्या कामासाठी कोणी ती उतरवायला सांगितली की फोन ठेवून द्यायचा. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला सांगणं म्हणजे तोच प्रकार.

वीणा_तिलकनगर

कॉल फॉरवर्डचं पण सांगा ना. कुरिअरवाला बनून "हा नंबर दाबा" असं सांगतात म्हणे.

जेलरोडवाला

हो ताई. स्टार, मग २१ किंवा ४०१, पुन्हा स्टार आणि पुढे दहा आकडी नंबर, असं काही दाबायला सांगितलं तर ते तुमचे कॉल त्या नंबरवर वळवतात. ओटीपी कॉलवरही मागवता येतो आणि व्हॉट्सॲपचा कोडही कॉलवर येतो, म्हणून त्यांना ते हवं असतं. तपासायला *#२१# आणि सगळं रद्द करायला ##००२#. दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवणं थांबवायला कंपन्यांना सांगितलं आहे, त्यामुळे काही नेटवर्कवर कोड चालणार नाहीत. तेव्हा फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन "कॉल फॉरवर्डिंग" उघडा आणि चारही ओळी बंद आहेत का ते पाहा.

व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, ६ आकडी पिन. आणि "लिंक्ड डिव्हाइस" अधूनमधून उघडून पाहा.

अचानक नेटवर्क गेलं आणि घरातल्या बाकीच्या फोनांना रेंज आहे, तर तुमच्या नंबरचं नवं सिम दुसऱ्याने कंपनीकडून काढून घेतलं असण्याची शक्यता धरा. सिम बदलल्यावर नव्या सिमवर २४ तास एसएमएस येत नाहीत असा नियम आहे. ते २४ तास तुमचे. त्यात कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर परत मिळवा आणि बँकेचे व्यवहार थांबवा. "उद्या सकाळी बघू" म्हटलं की ती मुदत गेली.

अन्नपूर्णारोड_किऑस्क

आधारबद्दल मी लिहिते. आपल्याकडे समग्र आयडी (मध्य प्रदेशचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), लाडली बहना, शिष्यवृत्ती, रजिस्ट्री, सगळ्याला आधार लागतं आणि बहुतेक कामं एमपी ऑनलाइनच्या किऑस्कवर होतात. लोक काय करतात, तर ई-आधारची पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि प्रिंट काढतात. ती फाइल दुकानाच्या संगणकात तशीच राहते. पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली ४ मोठी अक्षरं आणि जन्मसाल. नाव फाइलवरच, जन्मसाल फॉर्मवर. त्याला कुलूप म्हणायचं तर किल्ली दारालाच टांगलेली आहे.

मास्क केलेलं आधार घ्या. माय-आधार संकेतस्थळावरून उतरवताना "मास्क" या चौकटीत खूण केली की पहिले ८ अंक झाकले जातात, फक्त शेवटचे ४ दिसतात. हॉटेल, भाडेकरार, पार्सल, अशा ठिकाणी एवढं पुरतं. फोटोकॉपी द्यावी लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून कशासाठी दिली आणि तारीख लिहा, अक्षरं छापील मजकुरावरून गेली पाहिजेत. किऑस्कवर काम झालं की डाउनलोडच्या फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही फाइल पुसायला सांगा. चांगला किऑस्कवाला त्यावर रागावत नाही.

बायोमेट्रिक लॉक तर प्रत्येकाने लावावं. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीत, जिला एईपीएस म्हणतात, ना ओटीपी लागतो ना पिन. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, इतक्यावर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात. जमिनीच्या दस्तऐवजांवरच्या अंगठ्यांच्या ठशांवरून नकली अंगठे बनवून पैसे काढल्याची प्रकरणं देशात घडलेली आहेत. एम-आधार ॲपमध्ये किंवा माय-आधारवर "लॉक बायोमेट्रिक" असतं. लावलं की अंगठा, डोळे, चेहरा, काहीच चालत नाही, पण आधारचा ओटीपी चालू राहतो. गरज पडली की तात्पुरतं उघडायचं, १० मिनिटांनी आपोआप पुन्हा बंद होतं.

त्याच ठिकाणी "ऑथेंटिकेशन हिस्ट्री" आहे. मागच्या ६ महिन्यांत तुमचं आधार कुठे आणि कसं वापरलं गेलं ते त्यात दिसतं. बोट न लावता बायोमेट्रिकची नोंद दिसली तर १९४७ वर कळवा आणि बँकेत जा.

वीणा_तिलकनगर

नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना हे लॉक आडवं येईल ना?

अन्नपूर्णारोड_किऑस्क

येतं. जीवन प्रमाणला चेहरा किंवा अंगठा लागतोच. रेशन दुकानातही तसंच. रांगेत उभं राहण्याआधी नाही, आपला नंबर आल्यावर उघडा, कारण १० मिनिटं पटकन जातात. मशीनवर ३३० क्रमांकाची चूक दिसली तर लॉक लागलेलं आहे इतकाच तिचा अर्थ, मशीन खराब नाही. जीवन प्रमाण झाल्यावर पेन्शन विभागातून बोलतोय म्हणून फोन येतात आणि त्यांना पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांकही ठाऊक असतो. तो ठाऊक असणं हा खरेपणाचा पुरावा धरू नका.

सुदामानगरकर

खरा फोन ओळखायची काही खूण आहे का?

हिशेबनीस

आहेत, पण त्यांचा उपयोग खोटं पकडण्यासाठी करा, खरं ठरवण्यासाठी नको.

बँकांचे सेवेसाठीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे १४० वरून यावेत असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे दहा आकडी साध्या मोबाइलवरून किंवा व्हॉट्सॲपवरून "बँक मॅनेजर" बोलला तर ठेवून द्या. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं: टी म्हणजे व्यवहार, एस म्हणजे सेवा, पी म्हणजे जाहिरात, जी म्हणजे सरकार. ओटीपीचा संदेश साध्या नंबरवरून येत नाही. बँकांची संकेतस्थळं आता "डॉट बँक डॉट इन" या शेपटीवर गेली आहेत, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. पत्ता स्वतः टाइप करा आणि शेवटची दोन पदं बघा. मधे कुठेतरी "बँक" लिहिलेलं असणं पुरेसं नाही.

आणि १६०० वरून आलेल्या खऱ्या फोनवरसुद्धा ओटीपी, पिन, सीव्हीव्ही सांगायचा नसतो.

बिजली कंपनीचा "आज रात्री साडेनऊला लाइन कापणार" हा संदेश अजून फिरतोय. आपल्या बिलावर आयव्हीआरएस क्रमांक (आपला ग्राहक क्रमांक) असतो, फसव्या संदेशात तो नसतो. शंका असेल तर १९१२ ला स्वतः फोन करा, संदेशातल्या नंबरवर नाही. बँकेचा नंबरही गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे किंवा पासबुकवर छापलेला घ्या. शोधात वर दिसणारे कित्येक "कस्टमर केअर" नंबर फसवणाऱ्यांनीच टाकलेले असतात.

यूपीआयचं एक वाक्यात: पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवायची "पैसे मागण्याची" विनंती एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. तरीही स्क्रीनवर येणारं नाव वाचूनच पिन टाका.

हायकोर्टाजवळ

मी वकिली बाजू लिहितो. व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" करता येते असा कोणताही कायदा भारतात नाही. सीबीआय असो, ईडी असो, पोलीस असोत, फोनवर चौकशी चालू ठेवून "पडताळणीसाठी" पैसे वळते करायला सांगत नाहीत. घरच्यांना सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, हे बोलणं आलं की फोन बंद करून शेजाऱ्याला बोलवा. पाच मिनिटं माणूस एकटा राहिला नाही तर हा सापळा बहुतेकदा तुटतो.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३०. हा गृह मंत्रालयाचा आर्थिक सायबर फसवणुकीचा नंबर. तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिथे ऑनलाइन पोचते आणि तिथे जे शिल्लक असेल ते रोखलं जातं. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून चार खात्यांत पळवतो, म्हणून इथे मिनिटं मोजायची. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर स्वतः भरा, वाट बघू नका. जवळ ठेवा: खाते क्रमांक, रक्कम, तारीख आणि वेळ, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक (यूपीआयचा १२ आकडी असतो) आणि समोरच्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी. त्याच्या लगेच मागोमाग आपल्या बँकेला फोन, आणि तिथला तक्रार क्रमांक लिहून घ्या.

चॅट, कॉल लॉग, ती एपीके फाइल, काही पुसू नका. आधी स्क्रीनशॉट, मग फोनची साफसफाई. रागाने सगळं डिलीट करणारे लोक स्वतःचा पुरावा घालवतात.

पैसे परत मिळण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणला. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात निघालं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चूक ना बँकेची ना तुमची, यंत्रणेत दुसरीकडे कुठे, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तरीही शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर बहुतेक बचत खात्यांसाठी तुमचा भार जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत बचत खात्यासाठी ५,०००. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. दिवस मोजताना संदेश मिळाला तो दिवस धरत नाहीत. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर झालेला प्रत्येक व्यवहार बँकेच्या माथी. म्हणून "माझीच चूक आहे, आता काय सांगायचं" असं म्हणून गप्प बसू नका. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करणं बँकेचं काम, तुमचं नाही.

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. शुल्क नाही, माहितीसाठी १४४४८.

माळव्याचा_वाटसरू

१९३० ची तक्रार म्हणजे एफआयआर झाली का?

हायकोर्टाजवळ

नाही. तक्रारीची पोच म्हणजे एफआयआर नव्हे. ती प्रिंट घेऊन ठाण्यात किंवा सायबर सेलला जा आणि गुन्हा नोंदवण्याचा लेखी अर्ज द्या. दुसऱ्याच्या बँकेत रक्कम रोखली गेली असेल तर ती आपोआप परत येईल असं धरू नका. पोलिसांचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश लागू शकतो, त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करतात.

इथल्या मुलांसाठी मुद्दाम लिहितो. भंवरकुआ भागात बाहेरगावची हजारो मुलं कोचिंगसाठी राहतात. "तुझं खातं दोन महिने वापरायला दे, हजारो रुपये मिळतील" असं सांगून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागणारे लोक अशाच मुलांना गाठतात. चोरीचे पैसे पळवायला हीच खाती लागतात. पोलीस सर्वात आधी खातेदाराच्या दारात येतात, कारण कागदावर नाव त्याचं असतं. आयटी कायद्याच्या कलम ६६ डी खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि १ लाखापर्यंत दंड आहे, शिवाय फसवणुकीची कलमं वेगळी. घरमालकांनी आणि खानावळवाल्यांनी मुलांना हे सांगावं ही कळकळीची विनंती.

अन्नपूर्णारोड_किऑस्क

पूरक दोन गोष्टी. संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, अनोळखी असेल तर तिथूनच "माझं नाही" कळवता येतं. फोन हरवला तर त्याच ठिकाणी आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून तो देशभर बंद करता येतो, त्याला पोलीस तक्रारीची प्रत लागते. आयएमईआय *#०६# दाबून आजच लिहून ठेवा. आणि आपल्या पॅनवर दुसऱ्याने कर्ज काढलंय का हे पाहायला सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. चारही एकदम न मागवता तीन-तीन महिन्यांनी एक मागवा.

सुदामानगरकर

वकील साहेब, बँकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा मिळाला तर बरं होईल. शाखेत गेलं की "ऑनलाइन करा" म्हणून परत पाठवतात.

हायकोर्टाजवळ

घ्या. मराठीत देतोय, आपल्या शाखेत हिंदीत लिहून दिलात तर चालेल.

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची सूचना. माझ्या बचत खात्यातून (क्रमांक …) दिनांक … रोजी … वाजता रु. … चा व्यवहार झाला. संदर्भ क्रमांक … . हा व्यवहार मी केलेला नाही किंवा करण्याची परवानगी दिलेली नाही. मला याचा संदेश दिनांक … रोजी … वाजता मिळाला आणि मी … वाजता आपल्या ग्राहक सेवेला कळवलं, तक्रार क्रमांक … . १९३० वर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक … . कृपया खात्याचे यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड व्यवहार तात्काळ थांबवावेत, रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक दायित्वाच्या सूचनांनुसार रक्कम १० कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा करावी आणि लेखी उत्तर द्यावं."

ओटीपी दिला असेल तर "परवानगी दिलेली नाही" हे वाक्य बदला आणि जे घडलं ते खरं लिहा: अमुक बतावणी करून माझ्याकडून ओटीपी घेतला गेला. खोटं लिहिलेलं नोंदींतून उघडं पडतं आणि मग खरा भागही कोणी ऐकत नाही.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. घेतच नसतील तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार निवारण ईमेलवर पाठवा आणि त्याच दिवशी शाखेच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट करा. पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.